ओमकारचा हात, रुपेशचा रविवार

१३ जाने., मंगळ.

हात वर धरून ठेव, असं तिसऱ्यांदा सांगितलं तरी तो दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत होता. रक्त कोपरापर्यंत ओघळून सुकलेलं. मोबाइल काढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

ओमकार. पंधरा वर्षांचा, दहावीत, पनवेलजवळच्या विचुंब्याचा. उजव्या मनगटाच्या वर पेपर कटरचा वार. क्लासच्या जिन्यात. बोटं हलवणाऱ्या आतल्या कंडरा तुटल्यात. सर्जनना फोन केला, ते ताटावरून उठून आले. या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही 'सकाळी बघू' म्हटलेलं नाही.

कुणी मारलं ते पोलीस विचारतात, त्यांनी विचारलंही. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. आता कुणाला मार पडणार?

"कोनाला नाय."

"मोठा भाऊ आहे?"

"हाय."

म्हणजे पडणार.

१४ जाने., बुध. संक्रांत.

ऑपरेशन चांगलं झालं. बोटांपर्यंत प्लास्टर. बोर्डाचे पेपर या हाताने लिहिता येणार नाहीत, लेखनिक घ्यावा लागेल. आई हे ऐकून रडली. मग डोळे पुसून तिने डब्यातला तिळगूळ सगळ्या वॉर्डाला वाटला. मलाही दिला.

संध्याकाळी भेटीच्या वेळी भाऊ आला. रुपेश. एकवीस-बावीसचा, कंटेनर यार्डात सुपरवायझर. मागे मित्र. कॉटभोवती उभे राहिले आणि सगळ्यांचे आवाज खाली आले. हे दृश्य पाठ आहे. सूड इथेच ठरतो. भेटीच्या वेळात, सफरचंदांच्या पिशव्या हातात धरून.

आमच्या वॉर्डातल्या इरफानने स्टुलं आणून ठेवली. आमची जुनी रीत. उभी माणसं ठरवतात, बसली की डबे उघडतात. ही स्टुलं कशाला हवीत हे स्टोअरला पटवायला मला एक उन्हाळा लागला होता.

रुपेश बसला नाही.

"मॅडम, तुमी केलं ते उपकार झाले. बाकीचं आमी बघतो."

"बाकीचंही शेवटी माझ्याकडेच येतं, रुपेश."

"या टायमाला आमच्या गावाचा नाय येनार."

मित्र हसले. एक जण स्टुलावर टेकला होता, तोही उठला.

१५ जाने., गुरु.

आईने बेसिनपाशी डबा घासता घासता सगळं सांगितलं. पाठ माझ्याकडे होती म्हणून सांगू शकली.

आठ तारखेला रुपेशचा वाढदिवस. नाक्यावर बॅनर. काळा गॉगल, कानाला मोबाइल, मागे वाघ. खाली रांगांनी मित्रांचे फोटो, एका कोपऱ्यात ओमकार. दहा तारखेला सकाळी बॅनर गायब. सुतळ्या कापलेल्या. सुकापूरच्या पोरांचं काम, असं लगेच ठरलं. गेल्या वर्षी क्रिकेटच्या फायनलला त्यांच्याशी वाजलं होतं, तेवढा पुरावा पुरला. संध्याकाळी ही मंडळी सुकापूरला गेली आणि सोसायटीच्या गेटवर जो सापडला त्याच्या कानाखाली रुपेशने दिली. मित्रांसमोर. तो हर्षल. सोळाचा. ओमकारच्याच क्लासचा, त्याच्याच बाकावर बसणारा.

तीन दिवसांनी हर्षल कटर घेऊन क्लासला आला. रुपेश मिळाला नाही. ओमकार मिळाला.

"बॅनर गेला म्हंजे त्वांड गेला, आसं बोलतो," आई म्हणाली. "आता याचा हात गेला तं काय बोलंल?"

यंदाची फायनल एक फेब्रुवारीला, रविवारी, विचुंब्याच्या मैदानावर. सुकापूरची टीम येणार. वॉर्डात रुपेशच्या मित्रांच्या तोंडून 'रविवारी' हा शब्द आज परत ऐकला.

माझा नोकरीचा शेवटचा दिवस त्याच्या आदल्या शनिवारी.

१७ जाने., शनि.

मृणाल वॉर्ड समजून घेतेय. डॉक्टर म्हणून माझ्या जागी ती येणार. औषधं, बेड, रजिस्टरं, सगळं तिला माहीत आहे. तिने विचारलं, हे मारामारीच्या मुलांचं काम नक्की सुरू कसं झालं.

खरं तर एका प्रश्नाने. भुवईला टाके घातलेला एक मुलगा काही महिन्यांनी पोटावर वार घेऊन परत आला. पनवेलचाच, मोहल्ल्यातला. वाचला. डिस्चार्जच्या दिवशी आमच्या हेड सिस्टर म्हणाल्या, "शिवायचा आणि परत तिथंच पाठवायचा का?" मी म्हटलं, मग कुठे? त्या म्हणाल्या, "त्यालाच विचारा ना. तोंड आहे त्याला."

विचारलं. त्याला श्रीवर्धनला मामूकडे जायचं होतं. कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या अब्बांना मी फोन केला, त्यांनी त्याच दिवशी गाडीत बसवून दिला. बदला घ्यायला निघालेले त्याचे दोस्त स्टँडवर त्याला सोडायला आले आणि येताना मिसळ खाऊन घरी गेले.

तो मुलगा म्हणजे इरफान. बारावी करून परत आला, मग सोशल वर्क शिकला. आता या मुलांच्या कॉटशी तोच बसतो. मला यातलं जे येतं ते त्याला बोलताना ऐकून येतं. मृणालला तसं सांगितलं. इरफान शेजारीच होता. म्हणाला, "मॅडम, रिटायर होताय, इंतकाल नाही होत. मेलेल्या माणसाएवढी तारीफ नको."

सगळे इरफान होत नाहीत. एकाच्या तेराव्याला गेले होते. तेही मृणालला सांगितलं.

१९ जाने., सोम.

डिस्चार्ज. घरी पाठवायचं नाही, हे माझं ठाम. फायनलच्या रविवारपर्यंत तरी तो विचुंब्यात नको. तो समोर दिसला, प्लास्टरचा हात घेऊन पारावर बसलेला दिसला, की रुपेशला कुणी पेटवायची गरजच नाही.

रुपेश दारातच. "भाऊ घाबरून पलाला, बोलतील लोकं."

तेवढ्यात आत्या आली. वनिताबाई, करंजाला दिलेली, सुक्या मासळीचा धंदा. वॉर्डात तिच्या आधी तिचा वास आला आणि सिस्टरने खिडकी उघडली. आत्याने ते पाहिलं आणि मजेत हसली.

"मी नेते त्याला. चार दिस समिंदराचा वारा खाईल."

"आत्या, लोकं बोलतील."

"लोकांच्या त्वांडात बोंबील घालीन. तू लय मोठा झालास काय रं? तुझी चड्डी मी धुतलीय."

मित्र भिंतीकडे बघायला लागले. रुपेशने पिशवी उचलली आणि खाली रिक्षात नेऊन ठेवली. भावाला हात धरून बसवलं. प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून स्वतःचा रुमाल मध्ये घातला. हा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

२२ जाने., गुरु.

इरफान काल सुकापूरला हर्षलकडे गेला होता. मुलगा बाल न्याय मंडळापुढे हजर होऊन वडिलांच्या ताब्यात घरी आहे. वडील तळोज्याला कंपनीत. सेफ्टी डोअरच्या आतूनच बोलले. "आम्हाला कुणी समजवायला येऊ नये. आमचा मुलगा असा नाही." इरफान म्हणाला, "माहीत आहे. माझे अब्बाही असंच म्हणायचे." आतून आईने पाण्याचा ग्लास आणला. तो बाहेर द्यायचा तर दार उघडावं लागलं.

आज आई हर्षलला घेऊन आली. रुपेशच्या त्या एका चपराकीने डाव्या कानाचा पडदा फाटलाय. दहा तारखेपासून कानात शिटी वाजतेय, घरी सांगितलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी लगेच पाहिलं. भरून येईल म्हणाले.

बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसला. बारीक अंगाचा, मिसरूड फुटतेय.

"त्याचा हात लिहिता होईल?"

"होईल. वेळ लागेल."

"भूमितीत तोच मला सांगायचा." मग म्हणाला, "मी बॅनरला हातपण नाही लावला. कुणाला खरं वाटत नाही."

मला वाटलं. पण माझ्या वाटण्याने रविवार टळत नाही.

२६ जाने., सोम.

हॉस्पिटलचं झेंडावंदन झाल्यावर इरफानच्या बाइकवरून करंजाला. ओमकारचा हात बघायला. या वयात बाइक. उरणपर्यंत वारा आणि ट्रेलर.

आत्याच्या घराशेजारी मोकळी जागा. बायका जवळा वाळायला पसरत होत्या. ओमकार प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने कडेने जवळा सारखा करत होता. आम्हाला बघून थांबला. नको तेवढा थांबला.

खाली फ्लेक्स होता. जवळ्यातून एक गॉगल वर आलेला. कानाला लावलेला मोबाइल. वाघाचा पंजा.

इरफानने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे.

"चांगला जाड हाय," आत्या म्हणाली. "वाढदिस झाला व्हता. सकाळच्या एस्टीला निंगाले, तं नाक्यावर लोंबत व्हता. बोलले, वाया कशाला? विळीनं सुतली कापली नि घडी घातली."

"कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचा त्यात? दर साली कोनाचा ना कोनाचा आनते. गेल्या साली सरपंचाचा व्हता."

मी म्हटलं, याच्या शाईवर खायचं वाळवू नका, आजार होतील. मागची बाजू पांढरी आहे, निदान उलटा तरी टाका.

"उलटा टाकला तं रुपेशचा त्वांड मातीत जाईल. भाच्याचा त्वांड मातीत कसा घालू डाक्टरबाय?"

तिला कशाचीही कल्पना नव्हती. ओमकारचा हात क्लासच्या भांडणात गेला, एवढंच तिला घरच्यांनी सांगितलेलं.

ओमकारला घेऊन जेटीपर्यंत चालत गेले. तो आल्या दिवसापासून जाणून आहे. रोज सकाळी बायका यायच्या आत स्वतः पसरायला जातो. आधी भावाच्या तोंडावर जवळा टाकतो, मग बाकीचा.

"दादाला सांगितला तं गाव हसंल त्याला. वाघ बोलतात त्याला तिकडं."

"आणि नाही सांगितलं तर?"

बोटीतून टोपल्या उतरत होत्या.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "इरफानही नाही. हे तुझं आहे. पण शनिवारी हात दाखवायला ये, मला शेवटचा बघायचाय."

परत येताना इरफान हेल्मेटमधून ओरडून म्हणाला, मॅडम, न सांगणं बरोबर ना? मी ओरडून म्हटलं, माहीत नाही. मुलाच्या तोंडून यायचं ते आपण काढून घेतलं की दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नसतो. हे इतक्या वेळा पाहिलंय. तरी आज घरी आल्यापासून फोन हातात घेतेय आणि ठेवतेय.

पंचनामा नको, साक्ष नको. एक आत्या आणि एक विळी.

२९ जाने., गुरु.

ओमकारचा फोन नाही.

वॉर्डात सगळे माझ्याशी हळू बोलतात, जणू मीच ॲडमिट आहे. टेबलाचे खण रिकामे केले. मुलांनी जमा केलेल्या वस्तूंचा खण तसाच मृणालला दिला. फायटर, चेन, एक घडीचा चाकू, एक कंपास बॉक्समधलं कर्कटक. कुणी परत मागायला आलं नाही. प्रत्येकाने आपल्या हाताने ठेवलेलं. ती उघडून बघत राहिली. म्हणाली, कर्कटक कुणाचं? मी म्हटलं, तो आता भिवंडीला बेकरीत आहे, दिवाळीला नानकटाई पाठवतो.

नोकरीने मला हे दिलं. इतकी माणसं, जी दिसत नाहीत कारण ती पुन्हा कॅज्युअल्टीत आली नाहीत.

संध्याकाळी इरफान आला. ओमकारने त्याला फोन केला होता. एकच प्रश्न. "हर्षलचा कान कसा हाय?" कान? तुला कुणी सांगितलं? तर क्लासमधल्या मुलांनी. इरफानने खरं ते सांगितलं. ओमकारने फोन ठेवला.

३१ जाने., शनि.

शाल, श्रीफळ, भाषणं. अधीक्षक चांगलं बोलले. इथे अठरापर्यंतची मुलं लहान मुलांच्या वॉर्डातच ठेवली जातात, ती मोठ्यांच्या वॉर्डात जात नाहीत, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. त्यासाठी त्यांनीच माझ्यापेक्षा जास्त भांडण केलं होतं. ते नाही बोलले. मी बोलले.

वडे वाटले जात असताना ती तिघं दारात. ओमकार, आत्या, मागे रुपेश. त्याने त्यांना स्टँडवरून आणलेलं. आत्याने माझ्या हातात पिशवी दिली. "जवला. चटईवरचा हाय, भिऊ नका."

त्यांना मागच्या खोलीत बसवलं. वडे दिले. ओमकारची बोटं पाहिली. रंग चांगला, सूज उतरलेली. मी त्याचा हात खाली ठेवला, तेव्हा तो म्हणाला,

"दादा, बॅनर आत्याकडं हाय."

"कुठला?"

"तुझा."

आत्या खात होती. "कसा मजबूत हाय रं. चार साल जाईल."

रुपेशच्या हातात वडा तसाच. तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग प्लास्टरकडे. तिथून त्याची नजर हलेना.

"कोनी कोनी बघितलाय?"

"करंजाच्या सगल्या बायांनी."

इरफानला हसू आवरलं नाही. तो खिडकीकडे वळला. रुपेश हसला नाही, ओरडलाही नाही. आत्याला आता काहीतरी कळायला लागलं. "काय झाला? मी काय केला?" तिने ओमकारच्या हाताला हात लावला आणि काढून घेतला.

"हर्षलच्या कानाचा पडदा फाटलाय," ओमकार म्हणाला. "तू मारलास तवा."

रुपेशने वडा कागदावर ठेवला. कागद घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाहेर गेला. बाइकचा आवाज आला.

कुठे गेला ते कळेना. मित्रांकडे गेला असेल तर उद्याचं काय? ज्यांना इतके दिवस रविवारी म्हणून सांगितलं, त्यांना तो काय तोंड दाखवणार? शरम वाटलेला माणूस रागावलेल्या माणसाहून अवघड जातो. इरफान त्याच्या मागे गेला. मी हॉलमध्ये परतले. केक कापायचा होता, कापला. आत्या आणि ओमकार शेवटपर्यंत थांबले. फोटोत आत्या माझ्याशेजारी आहे. शालीचं टोक हातात धरून.

दिवेलागणीला इरफानचा फोन. रुपेश सुकापूरला होता. एकटाच. हर्षलच्या बिल्डिंगखाली बाइकवर बसून. इरफान शेजारी जाऊन बसला. मग दोघं वर गेले. वडिलांनी सेफ्टी डोअर उघडलं नाही. रुपेशने आतल्या अंधाराकडे बघत सांगितलं, "बॅनर आमच्याच घरातनं गेला व्हता. तुमच्या पोराचा काय संबंध नव्हता." एवढंच आलं त्याला.

वडील म्हणाले, "हे माझ्यासमोर नको बोलू. त्याच्यासमोर बोल. आज नाही. त्याचा कान दुखतोय, झोपलाय. सकाळी ये."

"मित्रांना काय सांगितलंस?" इरफानने जिना उतरताना विचारलं.

"आजून काय नाय."

उद्या फायनल आहेच. टीम येणार, तेच मित्र बाउंड्रीवर बसणार. सकाळी तो जाईल की नाही, मला माहीत नाही. एका रात्रीत माणूस पुष्कळ बदलतो, बऱ्याकडे आणि वाईटाकडेही.

शाल कपाटात ठेवली. जवळा स्वैपाकघरात. माझी आई गेल्यापासून या घरात जवळा आला नव्हता. उद्या कांद्यावर परतेन.

इतकी वर्षं दर रात्री वॉर्डला एक फोन करायची सवय. आज केला नाही. मृणालनेच केला. "सगळं ठीक आहे मॅडम. झोपा."

१ फेब्रु., रवि.

सकाळी रुपेश गेला. दार हर्षलने उघडलं. रुपेश चपला काढून आत गेला. इरफान दारापर्यंत सोबत होता, आता खाली गेटवर आहे, तिथूनच फोन केला.